मायच्या कापसाची रजई

समस्त ग्रामस्थ, पै-पाहुणे आणि आमच्या गोठ्यातली म्हैस यांना कळवण्यात येते की, ताईच्या लग्नात द्यायच्या रजईचा कपडा निवडण्याचे सर्वाधिकार आजपासून माझ्याकडे आलेले असून, या कामी कोणीही ढवळाढवळ करू नये!

ही घोषणा मी ओसरीवर उभी राहून, ताटावर पळी बडवत केली होती. तेव्हा मी खामगावला कॉलेजात शिकत होते. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला कपड्यातलं कळतं, अशी घरात सगळ्यांची समजूत होती. ती समजूत मीच करून दिलेली होती.

आमचं गाव पिंपळगाव राजाच्या अलीकडे. ताईचं लग्न खरं तर आदल्या वर्षीच व्हायचं, पण त्या वर्षी कापसावर लाल्या रोग आला. दिवाळीच्या आधीच शेतं अशी लाल पडली, की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, वा, काय रंग आहे! बाबांनी लग्न वर्षभर पुढं ढकललं. पुढच्या वर्षी कापूस बरा आला, पण बाबांचा जीव काही भांड्यात पडला नाही. त्यांनी सांगून टाकलं, की भांडीकुंडी घरातलीच घासून द्यायची, पलंग मामा देतो आहे, गादी जुनीच पुन्हा भरून घ्यायची. नवीन वस्तू एकच. रजई.

आणि रजईत कापूस भरायचा तो मायचा.

आता मायचा कापूस म्हणजे काय, हे सांगायला हवं. गावात पाकिटातलं बियाणं आलं तेव्हा दोन वर्षांत सगळं शिवार त्याचं झालं. आमच्याही शेतात तेच. मायनं तेवढे विहिरीजवळचे दोन तास, म्हणजे पेरणीच्या दोन ओळी, सोडले नाहीत. तिथं ती गावरान कापूस लावायची. बियाणं घरचं, राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं. बोंडं लहान, कापूस थोडा, धागा आखूड, रंग दुधात चहाचा थेंब पडल्यासारखा. वेचणीच्या पहिल्या दिवशी सीतादहीची पूजासुद्धा ती याच दोन तासांत करायची. बाबा म्हणायचे, "अवं, पीक तिकडं अन् पूजा इकडं! देवी चुकीच्या वावरात येऊन राह्यली ना!"

"देवीले माहीत हाय कोणतं वावर माह्यं हाय थे," माय म्हणायची.

ज्या वर्षी लग्न झालं त्या वर्षी बाबांनी ते दोन तासही मागून घेतले. पुढच्या साली तिथं सोयाबीन. शेवटचा कापूस मायनं वेचला आणि हिवाळाभर दुपारी अंगणात बसून बोटांनी त्याची सरकी काढली. मी समोर बसून तिला सिनेमाच्या गोष्टी हातवारे करून सांगायचे. सरकी तिनं म्हशीला घातली. पेरायला जागा नव्हती, ठेवून तरी काय करणार? कापसाचं जे गाठोडं झालं, त्यावर हात ठेवून ती मला म्हणाली, "पोरी, मले तुह्या ताईले सोनं देणं काही जमत नाई. पण थंडीत माह्या हातचा कापूस तिच्या अंगावर राह्यला पाह्यजे. एवढं करजो."

एवढं करजो. माझ्यावर काम काय होतं, तर कपडा आणायचा, खोळ शिवायची आणि गाठोडं पिंजाऱ्याकडे न्यायचं.

खामगावच्या कपड्याच्या दुकानांची तेव्हा एक पद्धत होती. तुम्ही गादीवर बसलात, पाणी प्यायलात, की दुकानदार पहिला प्रश्न विचारायचा, "यंदा कापूस कसा काय?" तुमच्या उत्तरावर त्याचा हात कोणत्या फळीकडे जाणार ते ठरायचं. बरा म्हटलं की वरची फळी. लाल्या म्हटलं की खालची. मी पदर सावरला (ओढणी होती, पण सावरली पदरासारखी) आणि म्हटलं, "एक नंबर! ठेवाले खोली पुरून नाई राह्यली!"

वरच्या फळीवरून साटीन उतरलं. हिरवं, जांभळं, मोरपंखी. मी गालाला लावून पाहिलं, उजेडात धरलं, दोन पावलं मागं सरून डोळे बारीक केले. दुकानदार खूश. मग मी हळूच भाव विचारला आणि त्याच्या लक्षात आलं, की आमची खोली काही एवढी भरलेली नाही. त्यानं जाड साटीन गुंडाळलं आणि पातळ साटीन काढलं. पण रंग! गुलाबी. पहाटेच्या आभाळासारखा अगदी फिका गुलाबी. रजईला तर लालभडक, नाही तर जांभळा कपडा घेतात, मळ दिसू नये म्हणून. मला तेच नको होतं. ताईच्या सासरच्यांनी रजई उघडली की त्यांचे डोळे विस्फारले पाहिजेत, एवढंच माझ्या मनात होतं.

घरी येऊन मी खोळ शिवली. सहज पाहावं म्हणून मायच्या गाठोड्यातला थोडा कापूस आत सरकवला आणि उन्हात धरली. आतलं सगळं दिसत होतं. पिवळट रंग, वाळलेल्या पानांचे काळे ठिपके, एके ठिकाणी तर चक्क काडी. माझी पहाट एकदम धुळीच्या वादळात सापडली.

आता शहाण्या माणसानं कपडा बदलला असता. पण सर्वाधिकार माझ्याकडे होते. मी कापूस बदलला.

पिंजारी चाचांचं दुकान पिंपळगाव राजाला, बाजाराच्या रस्त्यावर. त्यांच्याकडे जिनिंगमधून आलेली पाकिटवाल्या कापसाची रुई असायची, पांढरी स्वच्छ, लांब धाग्याची. मी म्हटलं, "चाचा, हे गाठोडं तुम्ही घ्या आन् खोळीत तुमची पांढरी रुई भरा."

चाचांनी मूठभर कापूस घेतला, दाबला आणि सोडला. तो पुन्हा फुगून मुठीएवढा झाला. मग त्यांनी पांढरी रुई दाबली. ती दाबलेलीच राहिली.

"बेटी, ह्या गावरानमदी जान हाय. हे पांढरं दिसाले गोरं हाय, पण एक पावसाळा गेला का बसते. अन् याचे गोळे होते."

"चाचा, दिसाले गोरंच पाह्यजे मले."

"तुह्या मायले विचारलं काय?"

"मायले सांगू नका."

"मी कायले सांगतो?" चाचा धनुकलीची दोरी ओढत म्हणाले. "कापूस तुमचा, पाप बी तुमचंच."

मी खो खो हसले. घरी आल्यावर चाचांची नक्कल करून दाखवायचीही फार इच्छा झाली, पण ती एक नक्कल मला करता येत नव्हती.

ते गाठोडं पुढं कुणाच्या तरी गादीत गेलं. कुणाच्या, ते चाचांनाही आठवलं नाही. अजून मी त्या भागात कुणाकडे पाहुणी गेले, की निजायच्या गादीवर आधी हात दाबून सोडते. घरची माणसं समजतात, मी ढेकूण पाहते आहे.

लग्नात रजई मांडवात मांडली तेव्हा मला हवं होतं तेच झालं. बायका पाहायला येत होत्या, साटीनवरून हात फिरवत होत्या. माय रजईच्या बाजूला उभी राहिली होती. ती कोणत्याच वस्तूजवळ अशी उभी राहिली नव्हती. एका बाईनं विचारलं, "कापूस कुठचा वं?" माय म्हणाली, "घरचा. माह्या हातचा." आणि तिनं रजईला अशी थाप दिली, जशी ती म्हशीला द्यायची, दूध चांगलं दिल्यावर. मी तिथून पाणी वाढायला निघून गेले. लग्नभर मी इतकं पाणी वाढलं, की लोक म्हणाले, मुलगी फार कामाची आहे.

एक उन्हाळा गेला, एक पावसाळा गेला. दिवाळीला ताई माहेरी आली ती रजई घेऊनच. अंगणात पसरली तर मधे रिकामी, कडेला गोळे. बोरांची पिशवी पसरल्यासारखी. ताईनं मान खाली घालून सांगितलं, की सासू चार बायकांत म्हणाली, कापूसवाल्याच्या घरची म्हणे रजई, अन् कापूस असा!

माय म्हणाली, "माह्या कापसाचे गोळे होत नाई."

"पाणी लागलं असन," मी म्हटलं. "ओल धरली असन. नाई तं भरतीच खराब झाली. चाचांचा हात आता थकला ना वं."

हे शेवटचं मी बोलले. चाचांवर ढकललं. बाकी सगळं मी हसत सांगते, पण हे वाक्य सांगताना आजही मला आवाज बदलून घ्यावा लागतो.

मायनं घरातून ब्लेड आणलं आणि ती रजईची एक शिवण उसवायला बसली. मी म्हटलं, राहू दे, साटीन फाटेल. म्हटलं, चहा ठेवते. म्हटलं, म्हैस सुटली वाटते. ताई माझ्याकडे पाहत राहिली. मायनं आत हात घातला, एक गोळा काढला आणि दोन बोटांत ओढला. धागा निघाला तो लांबच लांब. तिनं तो उन्हात धरला, दाबला, सोडला. पुन्हा दाबला. माझ्याकडे अजून पाहिलंच नव्हतं. आमच्याकडे दुसरं गाठोडं नव्हतं, मडक्यात बियाणं नव्हतं, विहिरीजवळ सोयाबीन काढून झालेलं होतं. हे तिला माहीत होतं आणि मलाही.

"कुठं गेला माहा कापूस?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. पहिल्यांदाच हातवारे न करता. कपडा पातळ होता, ठिपके दिसत होते, ताईच्या सासरी हसू होईल असं वाटलं, म्हणून.

मायनं खोळीचा मधला रिकामा भाग आपल्या गुडघ्यावर ओढून घेतला, आतून हात घालून साटीनच्या खाली पंजा पसरला, त्या गुलाबी कपड्यातून तिची पाचही बोटं स्वच्छ दिसत होती, आणि एकदम तिच्या तोंडून निघालं,

"अवं पोरी, आतून माह्या जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं असतं, तं भागलं असतं ना वं!"