नलूला एक मत कमी पडलं

नलूला मी पहिल्यांदा रडवलं तेव्हा आम्ही सातवीत होतो.

नागपूरचं कॉन्व्हेंट, मधल्या सुट्टीआधीचा तास, मॉनिटरची निवडणूक. सिस्टरनी बिस्किटांच्या डब्यातून चिठ्ठ्या काढल्या. नलूच्या नावाची एकच निघाली.

"सिस्टर, हे तर नलिनीचंच अक्षर!" मी ओरडले.

अख्खा वर्ग हसला. "नाइस गर्ल्स डोन्ट व्होट फॉर देमसेल्व्ह्ज," म्हणत सिस्टरनी तिला तास संपेपर्यंत उभं केलं.

सुट्टीत ती मुसमुसत माझ्याच डब्यातली सांबारवडी खात होती.

ती नलू काल गेली. नागपूरपासून इतक्या लांब, इथे इंग्लंडात, वॉटफर्डच्या हॉस्पिटलमध्ये, नवऱ्याने, ट्रेवरने, करून आणलेल्या कस्टर्डला नावं ठेवून झाल्यावर.

सकाळपासून मंडळाच्या या ग्रुपवर तुम्ही सगळे लिहिताय, "एक आवाज हरपला."

हरपला नाही. आपण बंद केला. कसा ते मी सांगते, कारण त्यात मी आहे.

आपलं कम्युनिटी रेडिओ स्टेशन, चॅरिटी शॉपच्या वरचं, ऐकणाऱ्यांच्या देणग्यांवर चालतं. म्हणून त्याचं बोर्डही ऐकणारेच निवडतात. तिथे दर रविवारी दुपारी दोन वाजता नलू तासभर मराठीतून बोलायची.

"एजवेअरच्या कुलकर्णी आजी, गोळी घेतलीत का? घ्या. तोवर मी गाणं लावते."

ज्यांना मोबाइल जमत नाही, डोळे अधू झालेत, अशा म्हाताऱ्यांच्या घरोघरी जाऊन तिने रेडिओच्या डायलवर, बरोब्बर आपल्या स्टेशनपाशी, लाल टिकली चिकटवली होती. काटा टिकलीखाली आणायचा, की नलू.

गेल्या वर्षी बोर्डात टूम निघाली. इंग्रजी सोडून बाकीच्या भाषांचे तास रेडिओवर नकोत, त्यांचे पॉडकास्ट करा. अर्धं बोर्ड हो म्हणे, अर्धं नाही. एक जागा रिकामी होती. तिथे जो येईल तो ठरवणार.

नलू उभी राहिली. समोर हेलन.

हेलन चांगली बाई. मोर्चांना जाते, आपल्या दिवाळीला साडी नेसून येते. "नॅलिनी, युअर व्हॉइस मॅटर्स सो मच," असं म्हणायची आणि पॉडकास्टच्या बाजूने होती.

मतदान स्टेशनवरच, कागदावर एक नाव लिहून. जिना चढताना नलूने विचारलं, "वसू, मी मलाच दिलं तर चालतं ना गं?"

"दे की! पुन्हा वर्गासमोर उभी राहशील."

ती हसली.

मी माझ्या चिठ्ठीवर हेलनचं नाव लिहिलं.

मला वाटलं, आपली सगळी मतं आपल्याच बाईला गेली तर काय म्हणतील, हे लोक एकगठ्ठा मतं टाकतात. नलू काय, येणारच होती. आणि खरं सांगायचं तर हेलन मला "वसू डार्लिंग" म्हणायची. ते मला आवडायचं.

मोजणीच्या वेळी दोन्ही उमेदवार टेबलापाशी उभे होते.

नलू एका मताने हरली.

तिने हेलनला मिठी मारली. सगळ्यांचे कप विसळले. चिठ्ठ्यांचा कचरा नेहमीसारखा तिनेच खाली नेला.

मग माझ्याकडे चहाला आली.

"माझंच चुकलं बघ. मी हेलनला दिलं. स्वतःचं नाव लिहायला हातच उठला नाही."

"तू पण ना, वेडी आहेस!"

"तू मला दिलंस ना?"

"म्हणजे काय!"

"हो ना," ती म्हणाली.

एवढंच. चहा गार होईपर्यंत माझ्याकडे बघत बसली. मी बिस्किटं पुढे केली.

आम्हा दोघींपैकी एकीने जरी नलूचं नाव लिहिलं असतं तरी ती जिंकली असती. मी तिला एकटीलाच दोष घेऊ दिला. वर्षभर.

पुढच्याच महिन्यात तिचा तास बंद झाला. टिकल्या तशाच राहिल्या. रविवारी दोन वाजता तिथे आता कंपोस्ट खतावर चर्चा असते. कुलकर्णी आजी तीच ऐकत बसतात. मला म्हणाल्या, "नलू हल्ली इंग्रजीच फार बोलते गं."

पॉडकास्टही निघाला. त्याची लिंक मी तुम्हा सगळ्यांना पाठवली होती. तुम्ही हार्ट टाकलंत. ऐकला कोणी?

आज सकाळी तिच्या लेकीचा, मीराचा, फोन आला. "मावशी, आईचा लिस्ट आहे. कोणाला काय द्यायचा. तू पोस्ट कर ना, माझा मराठी वाचून सगळे हसेल."

तर शनिवारी दुपारी मीराकडून न्यावं.

मोठा कुकर आणि पुरणयंत्र मंडळाला. "घासून ठेवा," असं पुढे लिहिलंय.

स्वयंपाकघरातला रेडिओ, टिकलीसकट, कुलकर्णी आजींना. त्यांचा खरखरतो.

हेडफोन हेलनला. "ऐकायला उपयोगी पडतील."

आणि शेवटी, "बांगड्यांच्या डब्यातल्या दोन चिठ्ठ्या वसूला."

मीराने फोटो पाठवला. दोन्ही चिठ्ठ्यांवर हेलनचं नाव. दोन्हींवरचा एच सिस्टरनी घोटवून घेतलेला, डोक्यावर गाठ असलेला. अख्ख्या वॉटफर्डमध्ये तसा एच आम्ही दोघीच काढतो.

काढायचो.

एक तिची, एक माझी. तिने मोजणीच्या टेबलापाशीच ओळखली होती. माझ्यासारखी ओरडली नाही.

भावपूर्ण वगैरे मला लिहवत नाही, नलू. तो हक्क माझा नाही. जा, बाई.

माझ्यामागे त्या दोन्ही चिठ्ठ्या मीराला द्याव्यात. तिला आमची अक्षरं वेगळी ओळखता यायची नाहीत. म्हणून शनिवारी मी सगळ्यांसमोर माझ्या चिठ्ठीवर माझं नाव लिहिणार आहे.