बावीस पायऱ्या

विकिपीडियाचा एडिटर नवा झाल्यापासून दोन महिरपी कंस टाइप केले की साच्यांची, म्हणजे तयार शेऱ्यांची, चौकट आपोआप उघडते. काल एका नवख्याच्या वाक्यापुढे मी नुसतं ‘सं’ लिहिलं, तर ‘संदर्भ हवा’ तयारच. पूर्वी सगळी अक्षरं टाइप करावी लागत. तेवढ्या वेळात माणसाचा विचार बदलू शकतो, असं वाटून गेलं. माझा मात्र तेव्हाही बदलला नव्हता.

आमच्या तालुक्यातल्या एका बारवेच्या लेखात मी अठरा पायऱ्या लिहिल्या होत्या. दत्तोबा नावाच्या निवृत्त पोस्टमननी त्या बावीस केल्या. मी ‘संदर्भ हवा’ असं लिहून त्यांचं वाक्य उडवलं. त्यांनी नंबर मिळवून फोन केला.

“साहेब, लहानपणापासून घागर घेऊन चढलोय मी.”

“छापील पुरावा आहे का, काका?”

“मी आहे की.”

“तसं चालत नाही.”

ते हसले. “गावानं एवढी वर्षं माझ्या तोंडून पत्रं ऐकली, कुणी पुरावा नाही मागितला बघा.”

नियम खरा होता. पण मी वाक्य काढलं ते चारचौघांत माझी चूक दाखवली म्हणून. हे आजवर कुणाला बोललो नाही. दत्तोबांनी पुन्हा काही लिहिलं नाही. पुढे बारव बुजवली, मग तेही गेले.

काल चौकट मिटवून मी त्यांचं वाक्य परत घातलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘आकसानं काढलं होतं.’ उद्या कुणी ते पुन्हा उडवलं, तर नियमानं त्याचंच बरोबर असेल, आणि मला भांडता येणार नाही.