खालून दिसतो तो पूल

दिवाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी गडचांदूरला एका लग्नात जेवणाच्या रांगेत उभा होतो. फोन सुनंदावहिनींचा होता. "भाऊ, हे गेले जी," एवढंच म्हणाल्या, आणि मला काही सुचायच्या आत पुढे म्हणाल्या, "गाडी सावकाश आणा. राजुऱ्याच्या पुलावर ट्रक लई राह्यते." नवरा नुकताच गेलेला आणि या बाईला पूल आठवला. ज्या घरात आयुष्यभर दुसरा विषयच निघाला नाही, तिथं दुसरं काय आठवणार...

पुढच्या आठवड्यात शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. व्यासपीठामागे फ्लेक्स लावला होता. त्यावर दिवाकरचा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो आणि त्याच्या मागे तारांवर टांगलेला, निळ्या दिव्यांनी उजळलेला कुठला तरी परदेशी पूल. पहिल्या वक्त्यानं दिवाकर सर हे दोन पिढ्यांमधला पूल होते असं सांगितलं. दुसऱ्यानं ते समाजासमाजांमधला पूल असल्याचं जाहीर केलं. तिसऱ्यासाठी फारसं काही उरलं नव्हतं, म्हणून त्यानं त्यांना मानव आणि निसर्गाच्या मध्ये बसवलं. दिवाकर तिथं असता तर त्यानं एवढंच विचारलं असतं, की दगड कोणता, कमानी किती, आणि खालून पाणी जाते की नाई? आलापल्लीकडच्या त्या सकाळबद्दल कुणी बोललं नाही. बोलणार कसं, ती ठाऊक होती ती आम्हा दोघांना आणि वहिनींना. म्हणून हे लिहितो आहे.

दिवाकर भूगोल शिकवायचा, मी त्याच शाळेत इतिहास. हिवाळ्यात रविवार आला की तो माझ्या गाडीत येऊन बसायचा आणि आम्ही जुने दगडी पूल शोधत फिरायचो. पर्यटनाच्या पुस्तिकेत ज्यांना जागा मिळत नाही असले पूल. कुठल्या तरी नाल्यावरचे, दोन-तीन कमानींचे, काळ्या दगडाचे आणि चुन्याचे, कुणी बांधले ते विचारलं तर "साहेबाच्या टायमाचा" एवढंच उत्तर मिळणारे. त्यानं रस्त्यावर उभं राहून कधी फोटो काढला नाही. "वरून दिसते तो रस्ता. पूल खालून दिसते," हे त्याचं ठरलेलं वाक्य. तो नाल्यात उतरायचा, पुलाच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून शाळेतून आणलेला मोजणीचा लाल-पांढरा दांडा खांबाला टेकवून ठेवायचा आणि ऊन कमानीखाली येईपर्यंत थांबायचा. मी वर दगडावर बसून कालचा पेपर वाचायचो. त्या नक्षलग्रस्त भागात पुलाखाली उतरलेल्या माणसाला तो का उतरला हे सांगावंच लागतं. एकदा गस्तीवरच्या पोलिसांनी आम्हाला वर बोलावून त्याचा कॅमेरा बराच वेळ पाहिला. शेवटी त्यांच्या साहेबांनी विचारलं, "एवढे फोटो काढले, यात तुम्ही कुठे आहात?" स्वतःचा फोटो न काढणारा माणूस त्यांना सगळ्यात जास्त संशयास्पद वाटला असावा. मला ती शंका अगदीच अवाजवी वाटली नाही.

कोणता पूल कधी गाठायचा हे त्याला आधीच कळायचं. रस्त्यांची कामं होतात अशा एका कचेरीत त्याचा जुना विद्यार्थी होता. तो फोन करायचा, "सर, अमुक पुलाचा नंबर लागला." सूरजागडच्या लोहखाणीच्या बाजूनं जड ट्रकांची वाहतूक वाढली होती, रस्ते रुंद होत होते, आणि साहेबाच्या टायमाच्या कमानी बैलगाडीच्या मापाच्या होत्या. रुंद रस्त्याला आमचा विरोध नव्हता. ॲम्ब्युलन्सही त्याच रस्त्यानं येते. दिवाकरचं म्हणणं सरळ होतं, "पूल जाईन त जाऊ दे, फोटो त राहीन." म्हणून फोन आला की आम्ही निघायचो, तो फोटो काढायचा, आणि काही महिन्यांत तिथं पूल पाडायला मशीन लागायची. हा क्रम काठावर राहणाऱ्या माणसाला कसा दिसत असेल, याचा त्यानं कधी विचार केला नव्हता.

दोन हिवाळ्यांपूर्वी असाच फोन आला आणि आम्ही आलापल्लीच्या पुढे सागाच्या जंगलातल्या एका गावी गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. गावानं तशी परवानगी दिलेली नाही. पूल तीन कमानींचा होता आणि इतका देखणा की मीही पेपर बाजूला ठेवून खाली उतरलो. पुलाला लागून ढिवरांची सात-आठ घरं, कठड्यावर जाळी वाळत घातलेली. दिवाकरनं दांडा खांबाला लावला आणि कॅमेरा तिपाईवर चढवला. मी वर पाहिलं तर कठड्यावर माणसं उभी होती. कुणी बोलत नव्हतं. आणखी माणसं आली. गाडीच्या पुढ्यात कुणी तरी लाकडाचा ओंडका आणून टाकला, त्याचा आवाज तेवढा आला.

मग एक बाई कठड्याच्या कडेनं खाली उतरली. साठीची असावी, कासोटा घातलेली, हातात जाळं विणायची सुई तशीच. भिवराबाई. तिनं आमच्याकडे पाहिलंच नाही, दांड्याकडे पाहिलं.

"हा दांडा मी वळखते," ती म्हणाली. "माह्या माहेरच्या पुलाले बी हाच लावला होता. तुमी फोटो काढून गेले, मंग मशीन आली. माह्या भावाचं घर पुलासंगंच गेलं."

वरून एक जण ओरडला, "बाई, कॅमेरा घे त्याचा!"

"बाई, फोटोनं पूल पडत नाई," दिवाकर म्हणाला.

"मंग कशानं पडते? सांग ना मास्तर."

तो मास्तर आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बोलण्यातून आम्ही लपत नाही. वर दोघांच्या हातात कुऱ्हाडी होत्या. सकाळी जंगलात निघालेल्या माणसाच्या हातात असतेच, असं मी स्वतःला समजावत होतो. रस्त्यावर मोबाइलला रेंज नव्हती. दिवाकरनं "आम्हाला काही माहीत नाही, छंद म्हणून आलो" असं म्हटलं असतं तर कदाचित थोडी शिवीगाळ होऊन आम्ही सुटलो असतो. मी त्याच्या शर्टाची बाही ओढलीसुद्धा. तो म्हणाला, "याचाबी नंबर लागला आहे, बाई. उन्हाळ्याच्या आत पाडणार आहेत. म्हणूनच आलो."

भिवराबाईचं घर पुलाच्या पहिल्या खांबाला जवळजवळ लागूनच होतं. रस्ता रुंद झाला तर तो तिच्या चुलीवरून जाणार होता. ती सुई तशीच धरून उभी राहिली.

"माह्या माहेरचंबी मालूम होतं तुले?"

"...होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई? फोटो काढाले येता येते, सांगाले येता येत नाई?"

एरवी कुठल्याही प्रश्नावर दिवाकर नकाशा काढून दाखवायचा. त्या दिवशी त्यानं कॅमेरा तिपाईवरून उतरवला, पिशवीत घातला, आणि गुडघ्यावर हात टेकत काठ चढून वर गेला. मला वाटलं, आता मार खाणार. तो कठड्यावर बसला आणि त्या माणसांना त्याला जे जे ठाऊक होतं ते सांगू लागला. कोणती कचेरी, कोणता महिना, रस्ता कुठपर्यंत रुंद होणार, कुणाकडे अर्ज द्यायचा, ग्रामसभेचा ठराव कसा लिहितात. मध्येच कुणी तरी म्हणालं, "हा खोटं बोलून राह्यला, कंपनीचा माणूस आहे." त्यावर दुसरा म्हणाला, "कंपनीचा माणूस एवढ्या जुन्या गाडीत येते का बे?" माझ्या गाडीचा उपयोग झालेला तो एकमेव प्रसंग. ओंडका बाजूला झाला तेव्हा ऊन कमानीखाली आलं होतं, त्याला हवं होतं तसं. त्यानं वळूनही पाहिलं नाही.

परतताना मी म्हटलं, "कचेरीतल्या त्या पोराची नोकरी जाईल बे."

"त्यालेच विचारतो," तो म्हणाला. त्याच संध्याकाळी त्यानं विचारलं. पोरगा म्हणाला, माझं नाव न सांगता सांगा, सर.

दिवाकर ग्रामसभेसाठी त्या गावी पुन्हा गेला, उभा राहून बोलला, आणि मुद्दाम कॅमेरा घरी ठेवून गेला. पुढे आखणी बदलली. नवा पूल थोडा वरच्या अंगाला झाला, जुना आणि त्याच्या काठची घरं राहिली. कचेरी म्हणते तांत्रिक कारणानं. गाव म्हणतं, फोटो काढला नाही म्हणून. ठरावाला श्रेय द्यायला कुणीच तयार नाही, आणि शासनव्यवहाराचा माझा अनुभव पाहता मीही आग्रह धरणार नाही. मला एवढंच माहीत आहे की त्यानंतर दिवाकरचा क्रम उलटा झाला. तो आधी गावात जाऊन चहाच्या टपरीवर बसायचा आणि बातमी सांगायचा. बहुतेक ठिकाणी काही बदललं नाही, पूल गेलेच. पण लोकांना घरातली भांडी, छपरावरचे कवेलू, दरवाजे काढून घ्यायला वेळ मिळाला. एका गावी त्याला धक्काबुक्की झाली. डॉक्टरांनी प्रवास बंद करायला सांगितलं तेव्हा वहिनींनी मला दटावलं, "भाऊ, तुमी गाडी देऊ नका." मी दिली नाही, तर हा एसटीनं गेला.

परवा त्याच्या घरी गेलो होतो. वहिनी समोरच्या खोलीत तांदूळ निवडत होत्या. त्याचा फोन खिडकीत चार्जिंगला लावलेला. "बंद करवत नाई," म्हणाल्या. आम्ही चहा घेत होतो तेव्हा तो वाजला. वहिनींनी उचलला आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"काकू... सर नाहीत, माहीत आहे मला. शोकसभेलाही येऊ शकलो नाही." कचेरीतला तो पोरगा अडखळत होता. "पण हे सांगायला दुसरा नंबर माझ्याजवळ नाही."

मी कप खाली ठेवला. वहिनींनी मांडीवरचं सूप बाजूला केलं, डोळे पुसले आणि फोन तोंडाजवळ धरला.

"बोल बाबू," त्या म्हणाल्या. "गाव कोनतं? आनि तिथं गेल्यावर पयले कोनाच्या घरी जावं लागन, ते सांग."