मामींची परात

तुर्भ्यापासून तळोज्यापर्यंतच्या सगळ्या पट्ट्यात आमच्या हिच्या मामांइतका उदार माणूस झाला नाही, असं खुद्द मामांचं मत आहे. ज्यांना मामांनी आजवर काही दिलंय, त्यांचं मत जरा वेगळं पडतं. मामांची सगळी नोकरी तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात, म्हणजे लोकांना वस्तू न देण्यात गेली. साधा नट मागायला आलेल्या माणसाला जुना नट आणून दाखवायला लावणारे मामा. रिटायर झाले आणि त्याच सुमारास आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी रविवारच्या उपासनेत उपदेश केला, की दातृत्व काही एका दिवसात अंगी येत नाही, विश्वासात वाढावं तसं त्यातही हळूहळू वाढावं लागतं. बाकी मंडळी घरी जाऊन जेवली आणि झोपली. मामांनी मात्र ते डॉक्टरच्या औषधासारखं मनावर घेतलं. संध्याकाळी आमच्या घरी येऊन म्हणाले, "जावईबापू, आजपासून मी वाढतोय." मी त्यांच्या पोटाकडे पाहिलं.

वाढीची सुरुवात सोसायटीच्या वॉचमनपासून झाली. त्याला मामांनी आपला एक शर्ट दिला. शर्ट बरा होता, फक्त बटणं काढून घेतलेली होती, कारण बटणं चांगली होती. मग छत्री दिली, पण पाऊस असेल त्या दिवशी ती मामांनी वापरायची असं ठरलं. वॉचमन बिचारा उन्हाळाभर छत्रीचा मालक होता. आम्हाला टेबलफॅन मिळाला. तो डावीकडे वळायचा आणि तिथेच रुसून बसायचा. मामा वस्तू देतात तेव्हा सोबत सूचना देतात: कपड्याने पुसा, ओल्या नको, दोन नंबरवर ठेवा, तीनवर नको. आणि नुसतं सांगून थांबत नाहीत, दर रविवारी उपासनेनंतर तपासायला येतात. पंख्यासमोर खुर्ची ओढून बसतात, चहा पितात, पाठ गारठून गेली तरी उठत नाहीत. एकदा आम्ही वैतागून तो भंगारवाल्याला देऊन टाकला. चौथ्या दिवशी मामा पंखा बगलेत मारून दारात हजर. भंगारवाल्याकडून सोडवून आणला होता. तोच पंखा त्यांनी आम्हाला दुसऱ्यांदा दान केला, सूचनांसकट.

खरी देणारी बाई होती ती मामी. नाताळात त्यांची ती भली मोठी पितळी परात निघायची, काठावर ठिपक्याठिपक्यांनी मामींचं नाव कोरलेली. तिच्यात करंज्यांचं पीठ मळलं जायचं आणि करंज्या सगळ्या बिल्डिंगमध्ये, खालच्या इस्त्रीवाल्यापर्यंत जायच्या. मामा कुरकुरायचे, ही बाई घर धुऊन वाटतेय. मामी हसायच्या आणि आणखी एक ताट भरायच्या. त्या गेल्या, आणि परात जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर गेली. दर शनिवारी मामा चिंच भिजत घालतात, परात खाली काढून लख्ख घासतात आणि पुन्हा गुंडाळून ठेवतात. एका नाताळात हिने नुसतं विचारलं, मामा, परात देता का चार दिवस? मामांनी पंख्याचा विषय काढला. आम्ही समजायचं ते समजलो. पुन्हा कुणी ते नाव काढलं नाही.

आमच्या चर्चच्या मंडळीत वर्षातून एकदा हंगामाचा सण होतो. शेतं तर आमच्यापैकी कुणाचीच राहिली नाहीत, पण रीत राहिली. कुणी तांदूळ आणतं, कुणी अंडी, कुणी कुंडीतली कोथिंबीर. सगळं वेदीपुढच्या टेबलावर ठेवायचं, पाळकसाहेब प्रार्थना करतात आणि मग त्याचा लिलाव. टेबलावरची वस्तू भांड्यासकट विकली जाते, म्हणून शहाणी माणसं कॅरीबॅगमधून आणतात. मागच्या वर्षी एका काकू आपला स्टीलचा डबा परत मागायला गेल्या, तर लिलावाची व्यवस्था बघणाऱ्या मामांनी त्यांना भर सभेत सुनावलं होतं, "टेबलावर ठेवलं ते प्रभूचं झालं." काकू आठवडाभर कुणाशी बोलल्या नाहीत.

यंदा मामांच्या वाढीने कळस गाठला. सोसायटीच्या मागच्या भिंतीला, सोसायटीच्याच पाण्यावर, त्यांनी भोपळ्याचा वेल चढवलाय. दरवर्षी ते त्यातला किडका, लहानसा भोपळा सणाला न्यायचे. यंदा म्हणाले, सगळ्यात मोठा नेणार. खरंच तोडला. निघताना दारातच पिशवीचे बंद तुटले, उपासनेची वेळ झालेली, दुसरं काही सापडेना. मामा आत गेले आणि भोपळा परातीत घालून बाहेर आले. रिक्षात मांडीवर घेऊन बसले होते आणि मी किती वाढलोय ते मला सांगत होते. टेबलावर ठेवतानाही त्यांचं सगळं लक्ष भोपळ्याकडे होतं.

तुर्भ्याला राहणारी, पोळीभाजीचे डबे करणारी एक बाई आहे मंडळीत. नवरा नाही, पहाटेपासून पोळ्या लाटते. भोपळ्यावर फारशी कुणी बोली लावेना, पण ती परातीकडे बघत चढवत गेली आणि तिला मिळाला. ती परात उचलायला पुढे झाली तेव्हा कुठे मामांच्या लक्षात आलं.  काठावरचं नाव सगळ्यांनीच ओळखलं होतं. मागच्या वर्षी स्टीलचा डबा गमावलेल्या काकूसुद्धा खाली बघायला लागल्या. पाळकसाहेब म्हणाले की मामा, चुकून आलीय, काढून घ्या, कुणाची हरकत नाही. त्या बाईनेही भोपळा काखेत मारला आणि परात पुढे केली. "काका, घ्या तुमची. मामींची हाय ना, मला म्हाईत नव्हतं."

मामांनी परात हातात घेतली. नावावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.  मग त्यांनी ती तिच्या हातात परत दिली.

"टेबलावर ठेवलं होतं," एवढंच म्हणाले.

चिंचेने घास, राखेने नको, असं काहीतरी आता येणार म्हणून मी वाट बघत राहिलो. काही आलं नाही. मामा खुर्चीवर जाऊन बसले.

त्या बाईने चहाला या म्हणून कितीदा निरोप पाठवला. मी म्हटलं, मामा, चला, मी नेतो रिक्षाने, परात तरी बघून येऊ. मामा म्हणाले, "दिलीय ना? मग बघायला कशाला जायचं?" 

पंखा तपासायला मात्र ते अजून येतात. आणि शनिवारी सवयीने चिंच भिजत घालतात. मग आठवतं. रविवारी तो कोळ वाटीत झाकून आमच्याकडे आणतात, ओट्यावर ठेवतात, सूचना काही देत नाहीत. हीसुद्धा काही विचारत नाही, आमटीत घालते.