सीटमागची भिंत

तळेगावच्या शोरूममध्ये विजेवर चालणाऱ्या दोन छोट्या मालवाहू गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. तिथला तरुण पांढऱ्या गाडीचे गुण सांगत होता. दोन एअरबॅग, मागचं दाखवणारा कॅमेरा, चढावर गाडी मागे सरकू नये म्हणून आपोआप लागणारा ब्रेक. निळीला एकच एअरबॅग, कॅमेरा नाही. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन्ही गाड्यांच्या सीटमागे हात घालून पाहिलं. पांढरीला नुसती जाळी होती, निळीला लोखंडी पत्र्याची अखंड भिंत.

आमचा पिण्याच्या पाण्याचे जार पोचवायचा धंदा. लोणावळ्यातली हॉटेलं आणि बंगले आमचं गिऱ्हाईक. जुन्या गाडीत सीटमागे काहीच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका उतारावर म्हैस आडवी आली आणि मी ब्रेक दाबला. म्हैस वाचली. मागचे भरलेले जार मात्र पुढे आले. डाव्या सीटवर माझा चुलतभाऊ बसला होता, वहिनींचा नवरा. तो जागीच गेला. मला नुसतं खरचटलं. त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. लायसन वहिनींनी काढलं.

शोरूममध्ये वहिनी निळ्या गाडीत ड्रायव्हरच्या जागी बसल्या.

"भावजी, तुमी मागं जा," त्या म्हणाल्या. "भिंतीला लाथ घाला."

मी मालाच्या जागेत शिरलो. पहिली लाथ हळूच बसली.

"जोरात," पलीकडून आवाज आला.

मग मी खाली बसून दोन्ही पायांनी लाथा घालत राहिलो. तो तरुण थांबवायला आला तेव्हा माझा शर्ट घामाने भिजला होता. पत्रा हलला नव्हता. मी उतरून पुढे आलो, तर वहिनी हात मांडीवर ठेवून समोर बघत होत्या.

"हीच घेऊ," एवढंच म्हणाल्या.

पट्टा न लावता कुणी सीटवर बसलं की ही गाडी टीं टीं वाजते. महिन्याभरातच, अपघात झाला तो उतार लागला की डावी सीट रिकामी असतानाही ती वाजायला लागली. आम्ही गाडी दाखवून आणली. मेकॅनिकला दोष सापडला नाही. हादऱ्याने एखादी वायर हलत असेल म्हणाला, आणि आवाज कायमचा बंद करून देऊ का, असं विचारलं.

मी वहिनींकडे पाहिलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या."

आता रोज सकाळी निघताना त्या वाकून रिकाम्या सीटचा पट्टा लावतात. मी जार चढवून मागचं दार बाहेरून बंद करतो, आणि गाडी रस्त्याला लागेपर्यंत मागेच थांबतो, पुढे त्या सीटजवळ जात नाही.