घरातलं मत वेगळं

"आपलं काम सांगून ठेवाचं. ऐकणं न ऐकणं त्याच्यावर."

'त्याच्यावर' म्हणताना त्यांचं बोट आभाळाकडे जायचं. मग ते डोक्यावरची टोपी काढायचे आणि टकलावरून तळहात फिरवायचे. हवेबद्दल बोलायचं असलं की टोपी काढल्याशिवाय त्यांना सुरुवातच करता येत नसे. वारा आधी टाळूला कळतो, केसवाल्याला तो उशिरा पोचतो, असं त्यांचं म्हणणं. माझ्या डोक्यावर तेव्हा दाट केस होते, त्यामुळे माझ्याकडे ते थोड्या किवेनंच बघत.

पाऊस कधी, थंडी किती, हे सांगणारा एखादा तुमच्याही गल्लीत असेल. फरक एवढाच, की आमच्या माणसाचं म्हणणं छापून येत असे.

ते नागपूरला इतवारीच्या पलीकडे, विणकरांच्या वस्तीत राहत. घरात खड्ड्यातला हातमाग, त्यावर नऊवारी लुगडी. विणकराला हवेची काळजी शेतकऱ्यापेक्षा कमी नसते. उन्हाळ्यात सूत कोरडं पडून तटातट तुटतं आणि दमट दिवसांत सुताला लावलेली खळ वाळत नाही. सकाळी उभं सूत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचं, त्याला खळ लावायची आणि मग आभाळाकडे बघत बसायचं. असं बघता बघताच त्यांना आभाळाचा नाद लागला असावा.

मी एका साप्ताहिकात उपसंपादक होतो. म्हणजे मुद्रितं तपासायची, पाहुण्यांना चहा सांगायचा आणि संपादक रागावले की समोर उभं राहायचं. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. एका सकाळी हे गृहस्थ आमचा अंक हातात घेऊन जिना चढून आले. आम्ही पुण्याच्या वेधशाळेचा हवाला देऊन 'यंदा पाऊस सर्वसाधारण राहील' अशी एक ओळ छापली होती. त्यांनी संपादकांना विचारलं, की सर्वसाधारण म्हणजे किती, आणि त्यातला आमच्या गल्लीत किती? संपादक कोरियाच्या युद्धावर अग्रलेख लिहीत होते. त्यांनी मान वर न करता म्हटलं, मग तुम्हीच सांगा.

त्यांनी टोपी काढली.

अशा रीतीनं आमच्या अंकात 'हवापाणी' सुरू झालं. उन्हाळ्याआधी, मृगाआधी, दसऱ्यानंतर आणि संक्रांतीच्या सुमाराला, असं वर्षातून चारदा. लिहिण्याचा त्यांना कंटाळा. ते मागावर बसून बोलत आणि मी उंबऱ्यावर बसून लिहून घेई. आडव्या सुताचा धोटा इकडून तिकडे जाई, तसं त्यांचं वाक्यही. त्यातली हवा कुठे संपते आणि घर कुठे सुरू होतं, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. मी त्यांची भाषा थोडी सरळ करत असे, पण मजकूर त्यांचाच. उदाहरणार्थ :

'यंदा ऊन होळीच्या आधीच तापेल. आमचा माठ पाझरायचा थांबला आहे, पाणी गार होत नाही, तेव्हा नवा घ्यावा लागेल. चैत्रात वावटळी उठतील. मेहुणा येणार आहे. त्याचा आणि वावटळीचा संबंध नाही, पण दोन्ही सांगून येत नाहीत.'

संपादकांना हे पोरकट वाटे. एकदा त्यांनी माठ, मेहुणा सगळं कापून फक्त हवा ठेवली. त्या आठवड्यात तीन-चार वाचक जिना चढून आले आणि माठ घेतला का, असं विचारून गेले. हवेबद्दल कुणी विचारलं नाही. पुढच्या वेळी संपादकांनी लेखणी आवरली.

ऑफिसात आम्ही त्यांना 'वेधशाळा' म्हणत असू, समोर मात्र काका. आणि त्यांच्या बायकोला काकी. काकी मागच्या भिंतीला टेकून चरख्यावर धोट्यासाठी कांड्या भरत बसायच्या. पहिल्या वर्षी दसऱ्यानंतरची गोष्ट. काकांनी सांगितलं, की यंदा थंडी कडाक्याची. मी लिहून घेतलं. मागून काकींचा आवाज आला.

"काही नाही पडत थंडी."

धोटा थांबला. "काहून?"

"नाही पडत म्हणजे नाही पडत."

यावर दोघांचं बराच वेळ चाललं. गेल्या वर्षीची रजई, त्याच्या आदल्या वर्षीचा काकांचा खोकला, लग्नाच्या वर्षी पडलेलं दहिवर, सगळं निघालं. मी पेन्सिल धरून बसलो होतो. शेवटी काका दमून म्हणाले, "लिवा भाऊ. घरातलं मत वेगळं आहे."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्यांनी वाकून मी लिहिलं की नाही ते पाहिलं. संपादकांनीही ते कसं कोण जाणे राहू दिलं, आणि तेव्हापासून प्रत्येक 'हवापाणी'च्या शेवटी ती ओळ येऊ लागली. काका म्हणत उन्हाळा लांबेल, घरातलं मत की नाही लांबणार. काका म्हणत पोळ्याला उघडीप, घरातलं मत की बैल भिजतील.

हळूहळू गावात दोन पक्ष पडले. उन्हाळ्यात दारांना लावायच्या वाळ्याच्या, म्हणजे खसच्या टट्ट्या विकणारे काकांच्या पक्षात, कारण ते ऊन जास्त सांगत. पापड-कुरड्या घालणाऱ्या बायका काकींच्या पक्षात. काटोलकडचे एक संत्र्याचे बागाईतदार अंक हातात पडला की वरचं काहीच वाचत नसत, थेट खालची ओळ बघत. आम्ही ऑफिसात एकदा हिशेब लावून पाहिला. काका साधारण निम्म्या वेळा बरोबर येत आणि काकी उरलेल्या निम्म्या वेळा. म्हणजे दोघांचं मिळून कधीच चुकलं नव्हतं. पुण्याच्या वेधशाळेलाही हे साधलं नसतं.

मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा उमरेडचा, तेही विणकरांचंच घर. मुहूर्त फाल्गुनातला, दुपारचा. संक्रांतीच्या 'हवापाणी'त काकांनी सांगून टाकलं होतं, की फाल्गुनात आभाळ काचेसारखं स्वच्छ राहील, लग्नं करणाऱ्यांनी खुशाल करावीत. खाली नेहमीची ओळ होती. घरातलं मत, गारा पडतील.

हा अंक उमरेडला पोचला. वराचे वडील बसनं नागपूरला आले आणि त्यांनी काकांना अदबीनं विचारलं, की व्याहीबुवा, यातलं कोणतं मत धरायचं? टिनाचा मांडव घालणार की कापडाचा?

काकांची मोठी पंचाईत झाली. टिन घालावं तर आपलंच म्हणणं खोटं ठरतं. पेपरात छापलेलं. दोन दिवस ते मागावर बसून नुसता धोटा फेकत राहिले. मग त्यांनी कापडाचा मांडव सांगितला आणि मला म्हणाले, "मीच भेलो तं लोकं काय करतीन?"

लग्नाच्या दिवशी सकाळी आभाळ खरोखरच काचेसारखं होतं. काका नवा कोट घालून, टोपी हातात घेऊन मांडवाच्या दाराशी उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला वर बघायला सांगत होते.  काकींनी शेजारपाजारच्या घरांतून मागून आणलेल्या पितळी पराती आणि पातेल्यासारखे गंज मांडवाच्या कडेला रचून ठेवले होते. मला वाटलं, स्वयंपाकाचे असतील.

अक्षता पडल्या आणि लगेच कामठीच्या बाजूनं काळं आलं. मग पहिली गार बँडवाल्याच्या ढोलावर पडली. त्यानं काठी थांबवून वर पाहिलं. त्यानंतर जे झालं ते मी आयुष्यात परत पाहिलं नाही. बायकांनी मुलांना खाली घेऊन डोक्यावर पराती धरल्या. नवरदेवाच्या मुंडावळ्यांवर कुणीतरी गंज उपडा घातला. वराचे वडील एका मोठ्या परातीखाली उकिडवे बसले होते आणि त्या परातीची दुसरी कड काकांनी धरली होती. गारांचा पितळेवर असा काही आवाज होत होता, की कोण काय बोलतंय कळत नव्हतं. काकांचे ओठ हलताना दिसले. नंतर व्याह्यांनीच सांगितलं, की ते म्हणत होते, कापड चांगलं होतं.

कुणाला लागलं नाही. गारा ओसरल्यावर पोरांनी त्या वेचून खाल्ल्या आणि पंगत तासाभरानं का होईना, बसली. मी काकींना एकीकडे गाठून विचारलं, की तुम्हाला हे कसं कळलं होतं? त्या परात पुसत होत्या. इकडेतिकडे पाहून त्या हळूच हसल्या.

"मले काय कळते भाऊ? त्यायनं नाही म्हणलं, म्हणून मी हो म्हणलं. एकट्याच्या बोलण्यावर कोणाचं लेकरू उघड्यावर बसवाचं काय?"

उन्हाळ्याच्या 'हवापाणी'त आता काका काय सांगतात, याची गावाला उत्सुकता होती. त्यांनी सांगितलं ते असं : 'फाल्गुनाच्या बाबतीत घरातलं मत बरोबर निघालं. तेव्हापासून घरात मला कुणी टोचून बोललेलं नाही. हे लक्षण चांगलं नाही. वैशाखात वादळाचा संभव.'

पुढे नागपूरची राजधानी गेली. मंत्री गेले, कचेऱ्यांतली माणसं पेट्या बांधू लागली, सगळं गाव सुतकात बसल्यासारखं झालं. काकांनी त्या साली सांगितलं, की साहेबलोक गेल्यामुळे सिव्हिल लाइन्समध्ये टट्ट्या लागणार नाहीत, खस स्वस्त होईल, आणि ऊन मात्र होतं तेवढंच राहील, कारण ते कुणाच्या हुकमानं आलेलं नव्हतं. घरातलं मत, खस महागच राहील.

त्यानंतरच्या हिवाळ्यात काकी आजारी पडल्या. पोटात काही जात नसे. दवाखाना झाला, वैद्य झाले. मी संक्रांतीनंतर गेलो तेव्हा खाट मागाच्या शेजारी आणून ठेवलेली होती. चरखा कोपऱ्यात. माग बंद होता आणि काका खाटेच्या पायथ्याशी बसले होते. मी उगाच आलो असं वाटून निघत होतो, तर त्यांनी बसवून घेतलं. उन्हाळ्याचं सांगायचं राहिलंय, म्हणाले.

त्यांनी सांगितलं, की यंदा उन्हाळा बेताचा. मी लिहिलं. मग ते थांबले. खाटेकडे पाहिलं. काकींचे डोळे मिटलेले होते. काकांनी आवाज चढवून तेच परत सांगितलं. काही नाही. मग त्यांनी डिवचायला म्हणून भलतंच सांगितलं, की यंदा ज्येष्ठातल्या नवतपात, त्या नऊ भाजून काढणाऱ्या दिवसांतही रात्री पांघरूण लागेल. नागपुरात राहणाऱ्या कुणालाही हे ऐकून हसू आलं असतं.

काकी डोळे न उघडता म्हणाल्या, "हो. लागन."

काका माझ्याकडे बघत राहिले. मी शेवटच्या ओळीचं विचारलं. ते म्हणाले, आज नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते जिना चढून आले. मजकूर जुळून झाला होता, फर्मा छापायला चालला होता. ते संपादकांसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "छापू नका."

संपादकांनी विचारलं, का?

"ते हो म्हणाली."

आमच्या संपादकांनी कुणा पुढाऱ्यासाठीही कधी फर्मा थांबवला नव्हता. ते उठले, त्यांनी काकांना आपल्या खुर्चीवर बसवलं, खाली छापखान्यात गेले आणि तो मजकूर काढायला लावला. त्या जागी केशतेलाची जाहिरात गेली.

चैत्रात काकी वारल्या. त्या वर्षीचा उन्हाळा कसा होता, हे मला आज काही केल्या आठवत नाही.

मृगाआधी मी गेलो नाही. दसऱ्यानंतर गेलो. माग चालू होता, कांड्या आता बाहेरून भरून येत होत्या. त्यांनी माझ्या आईची चौकशी केली, चहा केला. 'हवापाणी'चा विषय मीच काढला. लोक विचारतात, म्हटलं. त्यांनी तुटलेला एक धागा जोडला.

"आता मी काही म्हणलं, तं तेच खरं होऊन बसन भाऊ. भेव वाटते."

मी पुन्हा विचारलं नाही.

मुलीनं आग्रह करून त्यांना उमरेडला नेलं. एकदा कामासाठी तिकडे गेलो असताना मी त्यांना भेटलो. पुढे पोळ्याच्या सुमाराला जावई ऑफिसात येऊन ते गेल्याचं सांगून गेला, तेव्हा ती भेट शेवटचीच ठरली.

वैशाखातली दुपार होती. ते ओसरीवर बसून सोललेल्या चिंचा मिठात कालवत होते. तब्येत बरी होती. त्यांनी मला जेवू घातलं, संपादकांचा दमा विचारला, नातवानं कोंबडी कशी पाळली आहे ते दाखवलं. हवेचा शब्द निघाला नाही. मी नको म्हणत असतानाही ते चारच्या बसला सोडायला आले. बस उभी होती, अर्धी रिकामी. मी पाय वर ठेवला तसं त्यांनी माझी बाही धरली. आभाळाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं.

"डाव्या बाजूले बसा भाऊ. ऊन उजवीकून येईन."

मी डाव्या खिडकीशी बसलो. बस वळणावर जाईपर्यंत ते हात डोळ्यांवर धरून उभे दिसत होते.

उमरेड सुटलं आणि ऊन डावीकडून जे आत आलं ते नागपूरपर्यंत. माझा अर्धा चेहरा भाजून निघाला. उजवीकडच्या बाकावर सावलीत बसलेल्या एका माणसानं सरकून जागा केली आणि म्हणाला, "इकडे या ना गा, तिकडे काहून तापून राहिले?"

मी म्हटलं, बरं आहे इथंच.