शनिवारचा तवा

पिझ्झा तव्यावर, मंद आचेवर, झाकण ठेवून. फ्राइज कोरड्या तव्यावर एका थरात, तेल नाही, मीठ शेवटी. तळलेलं चिकन अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढायचं. नूडल्सवर पाण्याचा हबका. बर्गर उघडायचा, आतला पाला आणि टोमॅटो काढून टाकायचा, टिक्की वेगळी, पाव वेगळा. पाव कापलेल्या बाजूने पालथा, तव्याच्या कडेला पाण्याचे तीन थेंब, वर झाकण, आणि साठपर्यंत आकडे मोजायचे. मायक्रोवेव्ह नाही. मायक्रोवेव्हमध्ये पावाचं रबर होतं.

ही यादी माझी नाही, बाईंची आहे. त्यांच्या फ्रिजच्या दारावर त्यांच्या हाताने लिहिलेली होती. मी ती उतरवून घेतली आणि माझ्या फ्रिजवर लावली, कारण या यादीची मला त्यांच्यापेक्षा जास्त गरज होती.

किहीमला मुंबईच्या लोकांचे सहा बंगले मी सांभाळते. पाहुणे शनिवारी येतात, रविवारी संध्याकाळी जातात, आणि सोमवारी सकाळी मी फ्रिज रिकामे करते. उष्टं आणि उरलेलं यांत मी फरक करते. उष्टं खड्ड्यात जातं. हात न लागलेला पिझ्झा, अर्धी बादली चिकन, न फोडलेले बर्गर माझ्या डब्यात येतात आणि सोमवारी रात्री आमच्या घरी तव्यावर गरम होतात. माझ्या मुलींनी ताजा पिझ्झा खाल्ला तो कॉलेजात गेल्यावर. धाकटी फोनवर म्हणाली, "आई, आपलाच चांगला लागतो गं."

सहा किल्ल्या आमच्या दाराआड सहा खिळ्यांवर असतात. प्रत्येकीला पत्र्याचा बिल्ला आणि नंबर. माझं सगळं काम या खिळ्यांवर टांगलेलं आहे. एका मालकाचा विश्वास उडाला तर बाकीच्या पाचांना दुपारपर्यंत कळतं, त्यांचा ग्रुप आहे. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या आळीतल्या एकाने मालकाच्या पलंगावर दुपारची झोप काढली. आज त्याच्याकडे एकही किल्ली नाही.

चार नंबरचा बंगला बाईंचा. बाई विधवा, सत्तरीच्या, दर शुक्रवारी संध्याकाळी एकट्या लाँचने यायच्या. लाँच धरण्याआधी मुंबईत एक बर्गर आणि फ्राइज घ्यायच्या. अर्धा बर्गर तिथेच खायच्या, उरलेला अर्धा आणि फ्राइज कागदात बांधून पर्समध्ये. शनिवारी सकाळी ते तव्यावर गरम करायच्या. मला त्यांची एकच सक्त सूचना होती: "शनिवारी अकराच्या आत यायचं नाही." मला वाटायचं, झोपत असतील. माझ्या यादीत तसं लिहिलेलं होतं: चार नंबर, शनिवार, अकरा.

दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी लाँचच्या रांगेत त्यांना चक्कर आली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

तेरावं झाल्यावर त्यांचा मुलगा आणि सून आले. विकायचं ठरलं होतं. आम्ही मिळून घर बंद केलं. मी यादी केली, चौदा कामं, चौदा टिका. फ्रिज बंद करून दारात फडकं. मेन स्विच खाली. गॅसचं रेग्युलेटर बंद. तवा आणि झाकण ओट्याखालच्या कप्प्यात. गिऱ्हाईक मिळेपर्यंत आठवड्यातून एकदा मी खिडक्या उघडून वारा द्यायचा. शनिवारी मला दहाला वेळ होता, म्हणून मी दहा लिहिलं.

पहिल्या शनिवारी दार उघडलं तेव्हा वास आला. बंद घराचा कुबट वास मला माहीत आहे. हा तो नव्हता. परतलेला कांदा, भाजलेला पाव. तवा शेगडीवर होता. झाकण शेजारी पालथं, आतून ओलं. मोरीपाशी दोन ताटल्या धुऊन उपड्या घातलेल्या होत्या.

मी स्वतःलाच दोष दिला. आवरताना तवा राहिला असेल. पण मी टीक केली होती, आणि न झालेल्या कामापुढे मी टीक करत नाही. तवा जागेवर ठेवला आणि वहीत लिहिलं: तवा बाहेर, झाकण ओलं, दोन ताटल्या.

दुसऱ्या शनिवारी तेच. तव्याला हात लावला तर कोमट. ताप उतरलेल्या माणसाच्या कपाळासारखा.

तिसऱ्या शनिवारी तेच.

मग मी शक्यता लिहून काढल्या. ऊन: स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला आहे, तिथे ऊन येत नाही. शेजारच्या बंगल्याचा माळी: तो महिनाभर गावी होता. किल्ली: माझ्या खिळ्यावरून हललेली नव्हती. माझा नवरा: त्याला चहा गरम करता येत नाही. मी त्याला हे वाचून दाखवलं.

"तुझ्या वहीत भुताचा रकानाच नाही," तो म्हणाला, "म्हणून घाबरलीस."

"मी घाबरलेली नाही."

"मग आवाज का उतरलाय?"

त्या तिसऱ्या शनिवारी निघताना मी पुढच्या आणि मागच्या दोन्ही उंबऱ्यांवर रांगोळीची पूड पसरली होती, बोटाने रेघ मारून. गॅसच्या रेग्युलेटरला लाल दोरा गुंडाळून तीन गाठी मारल्या होत्या. चौथ्या शनिवारी रांगोळी तशीच होती. मागच्या दारी फक्त मुंग्यांची वाट गेली होती. दोऱ्याच्या तिन्ही गाठी जागच्या जागी. तवा शेगडीवर होता, आणि कोमट होता. झाकण उचललं तर आतून एक थेंब ओघळला, तो मी पडताना पाहिला.

मी खिडक्या न उघडताच कुलूप लावलं. वहीत लिहायला घरी आल्यावर बसले, आणि तारखेपुढे काय लिहायचं ते सुचेना. शेवटी 'वरीलप्रमाणे' अशी खूण केली.

पुढच्या शुक्रवारी बाईंच्या मुलाचा फोन आला. एरवी तो भराभर बोलतो. त्या दिवशी शब्द निवडत होता.

"ताई, चार नंबरची किल्ली तुमच्याकडेच असते ना?"

"माझ्याकडेच."

"नाही, शेजाऱ्यांना त्यांच्या कामवालीने सांगितलं, आमच्या किचनमधून कांदा परतल्याचा वास येतो. शनिवारी सकाळी. त्यांनी ग्रुपवर टाकलं. मी अजून काही रिप्लाय दिला नाहीये. रविवारी पार्टी घर बघायला येतेय. त्याआधी मला कळायला हवं, ताई. नाहीतर मला ग्रुपवर काहीतरी लिहावं लागेल."

त्या रात्री मी सहाही किल्ल्या खिळ्यांवरून काढून मोजल्या. मोजण्यासारखं काही नव्हतं. सहाच होत्या.

पाचव्या शनिवारी मी दहाला गेले. वास, तवा, झाकण, दोन ताटल्या. या वेळी मी काही आवरलं नाही. खाली बसून एकेक फूट तपासला, कप्पा, शेगडीखाली, मोरी. सिलिंडर पुढे ओढला आणि त्याच्या मागे, भिंतीच्या कडेला, कोळशाचा एक तुकडा सापडला. बोराएवढा. त्याला बर्गरच्या तेलकट कागदाची चिंधी चिकटली होती.

बाईंच्या घरी कोळसा येण्याचं कारण नव्हतं. आमच्याकडे जुनी माणसं दिवेलागणीला बाहेरून मटण-मच्छी किंवा तळलेलं काही आणताना पुडक्यात कोळशाचा तुकडा टाकतात. नाहीतर वासाला लागून कोणीतरी मागून घरात येतं, असं म्हणतात. मी कधी टाकला नाही. आमच्या घरात हे अजून पाळणारं माणूस एकच आहे.

माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, पडवीत खाटेवर बसून खराट्यासाठी झावळ्यांचे हीर सोलत होते. गुडघा फडक्याने बांधलेला. मी निघाले तेव्हाही ते तिथेच होते. आयुष्यभर त्यांनी या पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये नारळ पाडले. बाईंची वाडीही तेच बघायचे. मी कोळसा त्यांच्यासमोर ठेवला.

"आबा, हा चार नंबरमध्ये होता."

त्यांनी तुकडा उचलून पाहिला. "आपल्याच चुलीचा हाय."

"तुम्ही आत गेला होतात?"

"व्हय."

"किल्लीशिवाय?"

"मागलं दार मीच बसवलंय. फळी उचलून ढकलली की उघडतं. तुला किल्ली लागते, मला कशाला?"

मी बसले. त्यांनी हीर सोलणं थांबवलं नाही. बोलले ते तेवढ्याच सावकाश. बाई दर शनिवारी अर्धा बर्गर त्यांच्यासाठी आणायच्या. अर्धा आबांचा, फ्राइज बाईंच्या. सकाळी नऊनंतर, स्वयंपाकघरात बसून. किती वर्षं, ते त्यांना आठवत नव्हतं.

"आणि घरी मी तव्यावर गरम केलेलं तुम्ही कधी तोंडात घेत नाही!"

"तू साठ मोजत न्हाईस. चाळिसाला झाकण काढतेस. पाव कच्चा राहतो."

"बाई गेल्यावर कशाला गेलात?"

"तिनं सांगितलं होतं, पुढल्या शनवारी तवा मी तापवायचा. गेलेलं माणूस येणारच न्हाय, हे मला काय ठावं." रिक्षावाल्याला सांगून त्यांनी शुक्रवारी अलिबागहून बर्गर मागवला होता, आणि तिन्हीसांजेला आला म्हणून कोळसा टाकला होता.

"पाच शनिवार तुम्ही हेच करताय? लोक मला चोर म्हणायला निघालेत, आबा."

आता ते थांबले. "पाच कुठले? दोनदा गेलो. मग हा गुडघा धरला."

मी आत जाऊन औषधांची वही आणली. गुडघ्याची गोळी सुरू झाल्याची तारीख माझ्याच अक्षरात होती, दुसऱ्या शनिवारनंतरचा रविवार. त्यानंतर ते मोरीपर्यंतसुद्धा माझ्या खांद्यावर हात ठेवून जात होते. तिसरा, चौथा आणि पाचवा शनिवार त्यांचा नव्हता.

"दोनदा गेलात, तर कोळसा एकच कसा?" मी विचारलं. "दुसऱ्यांदा विसरलात?"

"विसरतोय कशाला?" हीर त्यांनी दोन बोटांत धरून सुरीने ओढला, पातीची साल गळून पडली. "पहिल्या येळेला टाकला. ताटल्या दोन मांडल्या, पण एकट्यानं खाल्लं. गोड लागलं न्हाय. दुसऱ्या येळेला टाकलाच न्हाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोळसा टाकल्यावर ती मागून येणार कशी?"

पडवीत ऊन होतं. माझ्या हातावर काटा उभा राहिला, तो मी दुसऱ्या हाताने दाबून बसवला.

बाराला मी मुलाला फोन लावला. काय सांगायचं याचे मुद्दे लिहून घेतले होते. एक: सासरे दोनदा गेले, मला न सांगता. दोन: मागच्या दाराची फळी आजच पक्की करून घेते. तीन: बाकीच्या तीन वेळांचं माझ्याकडे उत्तर नाही. किल्ली परत हवी असेल तर उद्या घेऊन जा, हा चौथा. सगळं क्रमाने सांगितलं. बर्गरच्या अर्ध्याचं सांगितलं. कोळशाचंही. अर्धवट सांगणं मला जमत नाही.

फोन कटला की काय म्हणून मी पडद्यावर बघितलं.

"हॉस्पिटलमध्ये आईची पर्स माझ्याकडे दिली," तो म्हणाला. "त्यात अर्धा बर्गर होता. कागदात नीट बांधलेला. मला कळेना, हिने अर्धाच का खाल्ला. मी तो तिथेच डस्टबिनमध्ये टाकला."

"तो आबांचा होता," मी म्हणाले.

"हो. आता कळलं." त्याचा श्वास ऐकू येत होता. "ताई, ताटल्या किती असतात म्हणालात?"

"दोन."

"धुतलेल्या?"

"धुऊन उपड्या घातलेल्या."

मग त्याने विचारलं, "आई असताना तुम्ही शनिवारी किती वाजता जायचात?"

"अकराला. त्याच्या आत यायचं नाही, असं त्यांनीच सांगितलं होतं."

"मग अकरालाच जा ना. दहाला का जाता?" तो जवळजवळ चिडून म्हणाला, आणि लगेच आवाज खाली आणला. "किल्ली तुमच्याकडेच राहू दे. रविवारच्या पार्टीला मी पुढच्या महिन्याचं सांगतो. ग्रुपवर मी लिहितो, माझ्या परवानगीने होतं म्हणून."

संध्याकाळी त्याने तसं लिहिलं. बाकीच्या पाचांपैकी कोणी काही विचारलं नाही.

तो पुढचा महिना येऊन गेला. पार्टी अजून आलेली नाही. मागचं दार मी सुताराकडून पक्कं करून घेतलं, आता फळी उचलली तरी हलत नाही. यादीत चार नंबरपुढचा दहा खोडून अकरा केला. आता मी अकराला जाते, पायऱ्यांवर चपला जरा वाजवून काढते, मग कुलूप उघडते. रेग्युलेटरचा दोरा बघत नाही. तवा गार झालेला असतो. तो धुते, झाकण पुसते, दोन ताटल्या मांडणीत लावते, टीक करते.

घरी आले की आबा खाटेवरून विचारतात, "पाव करपला न्हाय ना?"

मी तव्यावर बघून आलेली असते. "नाही."

"मोजते ती," आबा म्हणतात, आणि पुढचा हीर उचलतात.